न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीचा क्ष-किरण वर्णपट: अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी

लघुवस्तुमान क्ष-किरण द्वैतीमध्ये एक न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर असतं आणि सोबतीला बहुधा सूर्याहून हलका तारा. सोबत्याचं द्रव्य ओघळून तबकडी बनते, तबकडीचा आतला भाग कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण निघतात. एवढं पुस्तकात मिळतं. पुस्तकात मिळत नाही ते हे, की डाउनलोड केलेल्या फाइलींच्या ढिगातून विश्वास ठेवण्याजोगा वर्णपट कसा काढायचा.

उदाहरणासाठी ४यू १६३६-५३६ हा स्रोत घेऊ. अंतर सुमारे ६ किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं), जोडीचा परिभ्रमणकाळ ३.८ तास, न्यूट्रॉन तारा सेकंदाला ५८१ वेळा स्वतःभोवती फिरतो. तो नेहमी चालू असतो, मऊ (कमी ऊर्जेचे क्ष-किरण जास्त) आणि कठीण (जास्त ऊर्जेचे जास्त) अशा दोन्ही अवस्था दाखवतो, वर अधूनमधून त्याच्या पृष्ठभागावर औष्णिक-आण्विक स्फोटही होतात. म्हणजे शिकायला उत्तम आणि चुकायलाही उत्तम.

अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावरची दोन उपकरणं इथे लागतात. एसएक्सटी ही ०.३ ते ८ केईव्हीची (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) दुर्बीण आणि लॅक्सपीसी हे ३ ते ८० केईव्हीचे गॅस-डिटेक्टर. दोन्ही मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) घडली. एसएक्सटीचा सीसीडी कॅमेरा मात्र इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचा. उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. जुना डेटा सर्वांना खुला आहे, त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागत नाही.

एक सूचना आधीच: या लेखात आज्ञा आणि मॉडेलांची नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टंकायची.

आधी हाताशी काय हवं

- लिनक्स किंवा मॅक. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालतं.
- किमान ८ जीबी रॅम आणि शंभरेक जीबी मोकळी जागा. लॅक्सपीसी प्रत्येक फोटॉनची नोंद ठेवतो, त्यामुळे लांब निरीक्षण डिस्क भराभर खातं.
- हीसॉफ्ट, म्हणजे नासाचा क्ष-किरण डेटासाठीचा सॉफ्टवेअर-संच. वर्णपटाला मॉडेल बसवणारं (फिट करणारं) एक्सस्पेक त्यातच येतं.
- एसएक्सटीची पाइपलाइन, कक्षा जोडणारा मर्जर, प्रतिसाद फाइल (कोणत्या ऊर्जेचा फोटॉन उपकरणात कुठे नोंदला जातो), क्षेत्रफळ फाइल (कोणत्या ऊर्जेला दुर्बिणीचं किती क्षेत्रफळ कामाला येतं) आणि कोऱ्या आकाशाचा, म्हणजे स्रोत नसलेल्या भागाचा, वर्णपट. हे सगळं टीआयएफआरच्या एसएक्सटी केंद्राच्या पानावर मिळतं.
- लॅक्सपीसॉफ्ट, लॅक्सपीसीच्या डेटासाठीचे प्रोग्राम. यासाठी जीफोर्ट्रान हा कंपायलर आधी बसवा.
- इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्रात नोंदणी. डेटा त्यांच्या अ‍ॅस्ट्रोब्राउझ पोर्टलवरून उतरतो.
- एक वही. खरोखरची.

हीसॉफ्ट सोर्सवरून बांधताना कुठे अडलं तर कारण बहुधा एकच असतं: कुठलीतरी डेव्हलपमेंट लायब्ररी नसते. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. बांधणी सुरू करण्याआधी टर्मिनलमधून कोंडाचं (पायथनची पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनाचं) वातावरण बंद करा. दोन पायथन एकमेकांच्या पायात येण्याचा त्रास त्यानेच वाचतो.

१. निरीक्षण निवडा, पण अवस्था पाहून

पोर्टलवर स्रोताचं नाव टाकलं की निरीक्षणांची यादी येते. पहिलं दिसलं ते उतरवू नका. त्या तारखेला स्रोत कोणत्या अवस्थेत होता हे मॅक्सी (२–२० केईव्ही) आणि स्विफ्ट-बॅट (१५–५० केईव्ही) या आकाशावर सतत नजर ठेवणाऱ्या उपकरणांच्या खुल्या प्रकाशवक्रांवरून कळतं. मॅक्सीत उजेड जास्त आणि बॅटमध्ये कमी दिसला तर मऊ अवस्था, उलट दिसलं तर कठीण. पहिल्या सरावाला मऊ अवस्था घ्या. तिच्यातला इलेक्ट्रॉनांचा थर सुमारे ३ केईव्ही तापमानाचा असतो, त्यामुळे वर्णपट कुठे वाकतो ते तुमच्या पट्ट्यातच दिसतं. कठीण अवस्थेत तो वाक बराच वर, पार्श्वभूमीच्या गोंगाटात जातो.

वर्षही पाहा. लॅक्सपीसीचे तीन संच आहेत: १०, २० आणि ३०. तिसाव्यातून गॅस गळत होता, तो मार्च २०१८ मध्ये बंद केला. त्याच महिन्याच्या अखेरीपासून दहाव्याचा गेन (फोटॉनची ऊर्जा आणि नोंदलेला आकडा यांचं नातं) बेभरवशाचा झाला. वर्णपटासाठी विसावाच वापरा. २०१८ नंतरच्या निरीक्षणांत तर दुसरा पर्याय नाही.

शेजारही तपासा. लॅक्सपीसी चित्र काढत नाही, सुमारे एक अंश चौकोनातलं सगळं एकत्र मोजतो. ४यू १७२८-३४ हा आवडता स्रोत रॅपिड बर्स्टर या दुसऱ्या क्ष-किरण स्रोतापासून जेमतेम अर्ध्या अंशावर आहे. रॅपिड बर्स्टर जागा असताना तुमच्या वर्णपटात कोणाचे किती फोटॉन आहेत हे लॅक्सपीसी सांगू शकत नाही. ४यू १६३६-५३६ या बाबतीत सरावाला सोयीचा.

२. एसएक्सटीचा वर्णपट

लेव्हल-२ (प्रक्रिया झालेल्या) डेटात उपग्रहाच्या प्रत्येक कक्षेची वेगळी फाइल असते, आणि लागोपाठच्या फाइलींत काही घटना दोनदा नोंदलेल्या असतात. म्हणून नुसत्या चिकटवू नका, मर्जर वापरा. तो दुबार नोंदी काढतो.

जोडलेली फाइल हीसॉफ्टमधल्या एक्ससिलेक्टमध्ये उघडा, चित्र काढा, स्रोताभोवती १५ कलांच्या (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) त्रिज्येचं वर्तुळ घ्या. चंद्रा किंवा न्यूस्टार या क्ष-किरण दुर्बिणींच्या सवयीने हे फार मोठं वाटेल, पण या दुर्बिणीची प्रतिमा पसरट आहे. वर्तुळ लहान घेतलंत आणि क्षेत्रफळ फाइल जुनीच ठेवलीत, तर फ्लक्स (दर चौरस सेंटीमीटरवर दर सेकंदाला पोचणारी ऊर्जा) कमी येईल आणि लॅक्सपीसीशी जुळणार नाही.

पार्श्वभूमीसाठी त्याच चित्राचा कोपरा घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. एक तर स्रोताचा उजेड तिथवर पोचतो, दुसरं म्हणजे सीसीडीच्या चारही कोपऱ्यांवर अंशांकनासाठी लोह-५५ चे किरणोत्सर्गी ठिपके आहेत. ते पार्श्वभूमी म्हणून वजा झाले की ६ केईव्हीजवळ खोटा खड्डा पडतो आणि नवखा माणूस त्याला शोषणरेषा समजतो. केंद्राने दिलेला कोऱ्या आकाशाचा वर्णपटच वापरा.

आता काउंट-रेट, म्हणजे सेकंदाला नोंदलेले फोटॉन, पाहा. फोटॉन-काउंटिंग पद्धतीत सेकंदाला ४० च्या पुढे गेला तर पाइल-अपची शंका घ्या: एकाच फ्रेममध्ये दोन फोटॉन एकाच जागी पडतात, सीसीडी त्यांना दुप्पट ऊर्जेचा एक फोटॉन समजतो आणि वर्णपट उगाच कठीण होतो. उपाय म्हणजे मधला एक-दोन कलांचा भाग वगळून कडं घ्यायचं आणि क्षेत्रफळ फाइल त्या कड्यासाठी नव्याने बनवायची. वगळायची त्रिज्या थोडी थोडी वाढवत फिट करा. गॅमा (वर्णपटाचा उतार सांगणारा आकडा) बदलायचा थांबला की तिथे थांबा.

निरीक्षण फास्ट-विंडो पद्धतीतलं असेल तर प्रतिसाद फाइल वेगळी लागते. हेडरमध्ये पद्धत लिहिलेली असते, ती वाचा.

३. लॅक्सपीसीचा वर्णपट

इथे लेव्हल-१, म्हणजे कच्च्या डेटापासून सुरुवात. क्रम ठरलेला आहे: आधी सगळ्या कक्षांची एक घटना-फाइल, मग चांगल्या वेळांची यादी (जीटीआय), मग प्रकाशवक्र, मग वर्णपट, शेवटी पार्श्वभूमीचा वर्णपट. दक्षिण अटलांटिक विसंगती (कक्षेतला भारित कणांनी भरलेला भाग) आणि पृथ्वीची आड या वेळा प्रमाणित जीटीआय वगळते.

फक्त वरच्या थरातले फोटॉन घ्यायचा पर्याय आहे, तो घ्या. कमी ऊर्जेचे फोटॉन पहिल्याच थरात अडतात, खालच्या थरांतून मुख्यतः पार्श्वभूमीच वाढते. पण मग प्रतिसाद फाइलही पहिल्या थराचीच हवी. ही चूक इतकी सर्रास होते की फिट विचित्र दिसला तर पहिल्यांदा हेच तपासावं.

पार्श्वभूमी कोऱ्या आकाशाच्या निरीक्षणांवरून अंदाजाने काढलेली असते. म्हणून एकूण वर्णपट आणि पार्श्वभूमी एकाच आलेखावर काढा. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना चिकटतात त्याच्या बऱ्यापैकी अलीकडेच डेटा तोडा. या स्रोताच्या मऊ अवस्थेत ही सीमा साधारण २० ते २५ केईव्हीवर येते. उपकरण ८० पर्यंत पाहतं म्हणून तुम्हीही ८० पर्यंत फिट केलात, तर तुम्ही पार्श्वभूमीच्या मॉडेलला फिट करत असाल.

४. स्फोट काढा, वेळा जुळवा

वेळेची घाई असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

लॅक्सपीसीचा एक सेकंदाच्या बिनचा (कप्प्याचा) प्रकाशवक्र काढा आणि डोळ्यांनी पाहा, पूर्ण. पहिल्या प्रकारचा स्फोट ओळखू येतो: सेकंदा-दोन सेकंदांत उसळी, मग काही दहा सेकंदांत उतरण. हा उजेड तबकडीचा नाही, पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजन-हीलियमच्या ज्वलनाचा आहे. हजार सेकंदांच्या तुकड्यात वीस सेकंदांचा, सरासरी दहापट तेजस्वी स्फोट आला तर एकूण फोटॉनांपैकी जवळजवळ सहावा हिस्सा त्याचाच असतो. तुमच्या मॉडेलमधला कृष्णिका घटक (तप्त पृष्ठभागाचं औष्णिक प्रारण) उगाच गरम आणि मोठा येतो, आणि काय-स्क्वेअर (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप) मात्र काही तक्रार करत नाही. प्रत्येक स्फोटाच्या आधीचे १० ते २० सेकंद आणि नंतरचे १०० ते १५० सेकंद जीटीआयमधून काढा. शेपूट वाटते त्यापेक्षा लांब असते.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. ३–८ आणि ८–२० केईव्ही असे दोन प्रकाशवक्र काढून त्यांचं गुणोत्तर वेळेसमोर मांडा. गुणोत्तर सपाट असेल तर एकच वर्णपट घ्या. ते घसरत किंवा चढत असेल तर तुकडे करा. दोन अवस्थांच्या सरासरीचा वर्णपट कोणत्याच अवस्थेचा नसतो.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. एसएक्सटी पृथ्वीच्या उजळ बाजूपासून जपून चालते, त्यामुळे तिचा उपयोगी वेळ लॅक्सपीसीपेक्षा बराच कमी असतो. दोघांच्या जीटीआयचा छेद काढा आणि दोन्ही वर्णपट त्या सामाईक वेळेतूनच पुन्हा काढा. दोन्ही उपकरणांची घड्याळं १ जानेवारी २०१० पासूनचे सेकंद मोजतात, त्यामुळे छेद काढणं सोपं आहे. स्रोत स्थिर असेल तर फरक पडत नाही. पण तो स्थिर आहे हे आधी दाखवावं लागतं.

५. एक्सस्पेकमध्ये भरणे

एसएक्सटीच्या वर्णपटात प्रत्येक बिनमध्ये निदान २५ काउंट राहतील असं गटीकरण करा. लॅक्सपीसीत काउंट भरपूर असतात, तिथे अडचण उलटी: चॅनेल (ऊर्जेचे कप्पे) उपकरणाच्या भेदनक्षमतेपेक्षा, म्हणजे जवळजवळच्या दोन ऊर्जा वेगळ्या ओळखण्याच्या मर्यादेपेक्षा, फार बारीक असतात. भेदनक्षमतेच्या एक-तृतीयांश रुंदीचे गट पुरतात.

मग या क्रमाने:

अ) अबंड विल्म, एक्ससेक्ट व्हर्न. टीबीएब्स (वाटेतल्या वायूने शोषलेल्या क्ष-किरणांचं मॉडेल) वापरताना हे सर्वांत आधी. डीफॉल्ट सेटिंग जुन्या मूलद्रव्य-प्रमाणांचं आहे, ते राहिलं तर हायड्रोजन स्तंभघनता (स्रोतापर्यंतच्या वाटेत दर चौरस सेंटीमीटरमागे किती हायड्रोजन अणू) दीडपटीपर्यंत वेगळी येते आणि तुमचा आकडा दुसऱ्यांच्या आकड्याशी ताडता येत नाही.

आ) एसएक्सटी ०.७ ते ७ केईव्ही, लॅक्सपीसी ४ ते २० किंवा २५ केईव्ही, बाकी इग्नोर. आकडे दशांश बिंदूसह लिहा. बिंदू विसरलात तर एक्सस्पेक त्यांना ऊर्जा न मानता चॅनेल क्रमांक मानतं.

इ) सिस्टिमॅटिक ०.०२. म्हणजे उपकरणाच्या अंशांकनातल्या अनिश्चिततेसाठी २ टक्के. काय-स्क्वेअर आटोक्यात येईना म्हणून हा आकडा वाढवत नेणं ही पळवाट आहे. उलट घटित काय-स्क्वेअर (मुक्त मात्रांच्या संख्येने भागलेला, चांगल्या फिटला १ च्या आसपास) ०.६ आला तर आकडा कमी करा.

ई) एसएक्सटीसाठी गेन फिट, उतार १ वर गोठवून, फक्त ऑफसेट मोकळा. तो साधारण ०.०२ ते ०.०४ केईव्ही येतो. ०.१ आला तर गेनचा दोष नाही, मॉडेल चुकलं आहे.

१.८ आणि २.२ केईव्हीजवळ उरलेले चढउतार दिसतील. पहिला सीसीडीतल्या सिलिकॉनचा, दुसरा आरशांवरच्या सोन्याचा. त्यांवर गॉसियन बसवून सिलिकॉन वा गंधकाची रेषा सापडल्याचं जाहीर करू नका.

६. मॉडेल: कमी घटकांपासून सुरुवात

पहिला प्रयत्न: कॉन्स्टंट × टीबीएब्स × (डिस्कबीबी + बीबॉडीरॅड). कॉन्स्टंट दोन उपकरणांमधला फरक भरतो, डिस्कबीबी तबकडीचं आणि बीबॉडीरॅड कृष्णिकेचं मॉडेल. लॅक्सपीसीचा कॉन्स्टंट १ वर गोठवा, एसएक्सटीचा मोकळा सोडा. तो ०.८ ते १.२ च्या बाहेर गेला तर पुढे जाऊ नका, टप्पा २ आणि ४ पुन्हा पाहा. स्तंभघनता या दिशेला साधारण ०.३ × १०^२२ प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी.

या मॉडेलला १० केईव्हीच्या वर फोटॉन कमी पडतात. म्हणून बीबॉडीरॅडच्या जागी एन्थकॉम्प घाला. मऊ कृष्णिका-फोटॉन गरम इलेक्ट्रॉनांवर आपटून ऊर्जा मिळवतात, त्याचं हे मॉडेल. यात इनपुट प्रकार नावाचा एक पॅरामीटर गोठलेला असतो: ० म्हणजे बीजफोटॉन कृष्णिकेचे, १ म्हणजे तबकडीचे. तबकडीचे मानत असाल तर १ करा आणि बीजतापमान डिस्कबीबीच्या तापमानाला बांधा. दोन्ही मोकळी सोडली तर ती एकमेकांची जागा घेत फिरतात आणि त्रुटी काढणं कधीच संपत नाही.

साधा पॉवरलॉ का नको? तो कमी ऊर्जेकडे चढतच जातो. १ केईव्हीला अस्तित्वात नसलेले फोटॉन तो पुरवतो, मग ते गिळायला टीबीएब्स स्तंभघनता वाढवतं आणि डिस्कबीबी बिचारी नाहीशी होते. काय-स्क्वेअर छान येतो. एन्थकॉम्प मात्र बीजतापमानाखाली स्वतःच उतरतं.

एन्थकॉम्पच्या नॉर्मवरून (घटकाचं प्रमाण सांगणाऱ्या आकड्यावरून) त्रिज्या निघत नाही. त्रिज्या हवी असेल तर थकॉम्प × बीबॉडीरॅड लिहा. थकॉम्प हा कन्व्होल्यूशन घटक आहे, म्हणजे दुसऱ्या मॉडेलचा वर्णपट घेऊन तो बदलतो, त्यामुळे आधी एनर्जीज आज्ञेने ऊर्जाजाळी ०.१ ते १००० केईव्ही अशी पसरवावी लागते. विसरलात तर एरर येत नाही, फक्त पट्ट्याच्या टोकांना उत्तर चुकतं.

मऊ घटक तबकडीचा आणि कठीण पृष्ठभागाजवळचा, की याउलट, हा वाद जुना आहे. त्या दोन वाचनांना पूर्वेचं आणि पाश्चिमात्य मॉडेल अशी नावं आहेत. दोन्ही तुमच्या डेटाला सारखीच बसतील. त्यामुळे एकच बसवून थांबू नका, दोन्ही कोष्टकात द्या. स्रोत कृष्णविवर असेल तर पृष्ठभागच नाही, तिथे बीबॉडीरॅडला अर्थ उरत नाही.

७. त्रिज्येची परीक्षा

फिट झाला की कागद घ्या. समजा अंतर ६ किलोपार्सेक, म्हणजे १० किलोपार्सेकच्या एककात ०.६.

बीबॉडीरॅडचा नॉर्म ५० आला. वर्गमूळ ७.०७, गुणिले ०.६, त्रिज्या ४.२ किमी. न्यूट्रॉन तारा १० ते १३ किमीचा, म्हणजे विषुववृत्ताजवळचा पट्टा तापला आहे असं म्हणता येतं. चालेल.

डिस्कबीबीचा नॉर्म २०० आला, तबकडीचा आपल्या दृष्टीरेषेशी कल ६० अंश मानला. कोसाइन ०.५, २०० भागिले ०.५ म्हणजे ४००, वर्गमूळ २०, गुणिले ०.६, म्हणजे १२ किमी. ही दिसणारी त्रिज्या. तबकडीचा रंग तिच्या खऱ्या तापमानापेक्षा गरम दिसतो, म्हणून १.७ चा वर्ग आणि आतल्या कडेसाठी ०.४१ यांनी गुणा: एकूण १.१९. खरी त्रिज्या सुमारे १४ किमी. तीही चालेल.

पण नॉर्म १० आला असता तर? त्याच हिशोबाने दिसणारी त्रिज्या २.७ किमी, दुरुस्तीनंतर ३.२. तबकडीची आतली कड ताऱ्याच्या पोटात जाऊ शकत नाही. घटित काय-स्क्वेअर १.०२ असला तरी तो फिट टाकून द्यायचा. बहुधा तापमानं अदलाबदल झालेली असतात: डिस्कबीबीने गरम घटकाची जागा घेतलेली असते.

८. लोहाची रेषा

६.४ ते ६.९७ केईव्हीच्या दरम्यान उंचवटा दिसेल. गॉसियन घाला, ऊर्जा याच मर्यादेत बांधून ठेवा. मोकळी सोडली तर ती ५.५ ला जाऊन सातत्य-वर्णपटातली (रेषांखालच्या सलग वर्णपटातली) उणीव भरू लागते. लॅक्सपीसीची भेदनक्षमता इथे सुमारे २० टक्के, म्हणजे जवळपास १.३ केईव्ही. रेषा रुंद दिसते ती उपकरणामुळे. तिच्या रुंदीवरून तबकडीची त्रिज्या काढायची असेल तर न्यूस्टार किंवा नायसर या नासाच्या दुर्बिणींचा डेटा घ्या, आणि रेषेची खरी बारीक रचना हवी असेल तर २०२३ साली गेलेल्या एक्सरिझम उपग्रहाचा.

रेषा आहे की नाही हे ठरवायला एफ-चाचणी (घटक वाढवल्याने फिट खरंच सुधारला का हे तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) वापरू नका. नॉर्म शून्यावर सीमेला टेकतो, तिथे त्या चाचणीचं गणितच लागू होत नाही. सिमएफटेस्ट चालवा, तो खोटे वर्णपट बनवून तुलना करतो. रात्रभर लागेल, लागू द्या.

९. त्रुटी, फ्लक्स, नोंदी

त्रुटी एरर आज्ञेने काढा, डीफॉल्ट २.७०६ (काय-स्क्वेअरमधली वाढ) म्हणजे ९० टक्के. फिटनंतर पडद्यावर आपोआप दिसणारी अधिक-उणे किंमत त्रुटी म्हणून छापू नका. एरर चालू असताना नवा, अधिक चांगला फिट सापडला असा संदेश आला तर आधीच्या सगळ्या त्रुटी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. गॅमा आणि इलेक्ट्रॉन तापमान यांच्या वेगवेगळ्या किमतींना फिट किती बिघडतो हे दाखवणारा स्टेपपार आलेख काढा. लांबट केळ्यासारखा आकार आला तर दोन्ही आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत असं समजा.

फ्लक्ससाठी सीफ्लक्स हा घटक, टीबीएब्सच्या आत. एका घटकाचा नॉर्म गोठवा, नाहीतर फिट भरकटतो. ०.७ ते २५ केईव्हीत ४ × १०^-९ अर्ग प्रति चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद आला तर ६ किलोपार्सेकवर तेजस्विता १.७ × १०^३७ अर्ग प्रति सेकंद होते. १.४ सूर्यवस्तुमानाच्या ताऱ्याची एडिंग्टन मर्यादा (ज्या तेजस्वितेला उजेडाचा दाब ओघळणारं द्रव्य अडवतो) सुमारे १.८ × १०^३८, म्हणजे स्रोत तिच्या दहाव्या हिश्शावर चालला आहे.

वहीत हे लिहा: निरीक्षण क्रमांक, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, प्रतिसाद फाइलींची नावं, वापरलेले पट्टे, वगळलेले स्फोट, सिस्टिमॅटिक किती, गेन ऑफसेट किती, अबंड कोणतं. सेव्ह ऑल करून एक्ससीएम फाइल (एक्सस्पेकच्या आज्ञा आणि मॉडेल साठवणारी) ठेवा. कुठे अडलात तर पुण्याच्या आयुका या खगोल-संशोधन केंद्रात अ‍ॅस्ट्रोसॅट विज्ञान साहाय्य कक्ष आहे. प्रश्न विचारताना नुसतं 'फिट होत नाही' असं न लिहिता ती एक्ससीएम फाइल आणि एक आलेख जोडा.